सातव्या महिन्यातली दिवाळी

पहिल्या बाळंतपणासाठी मी कर्जतजवळच्या आमच्या मळ्यावर आले, तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. ओसरीत आई शेजारणींना घेऊन करंज्या लाटत बसली होती आणि तुपाचा वास पार रस्त्यापर्यंत येत होता. माझ्या पर्समध्ये बोट टोचून साखर तपासायचं मशीन होतं.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावलं होतं, "गरोदरपणातला मधुमेह आहे. बाळंतपणानंतर बहुतेक जाईल, पण तोवर गोड, तळलेलं, मैद्याचं बंद. सण असला तरी बंद." साखर वाढत राहिली तर बाळ पोटात प्रमाणाबाहेर मोठं होतं आणि जन्मल्यावर त्याची साखर एकदम उतरू शकते, हेही त्यांनी समजावून सांगितलं. गाडीत येताना मी तेवढंच एक वाक्य घोळवत होते.

आईला हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दोन जिवांची बाई तू. सणाला लेकीचं तोंड कोरडं ठिवायचं व्हय? आमच्या वक्ताला न्हवती असली थेरं."

"आई, बाळाला त्रास होईल."

करंजीची ताटली तिनं माझ्यासमोरून उचलली, तेव्हा मला हायसं वाटलं.

त्यानंतर मी फार जपून राहिले. दोन्ही वेळेला शाळूची भाकरी, मेथी नाहीतर मटकीची उसळ, ताक. जेवण झालं की अंगणात फेऱ्या. घरात शंकरपाळ्यांचे, लाडवांचे डबे भरत होते. मी त्या खोलीत जायचंच टाळायची. आणि तरीही सकाळी उपाशीपोटी बोट टोचलं की आकडा चढलेला दिसायचा. आदल्या दिवशीपेक्षा जास्त. मला वाटलं मशीन बिघडलं असेल. मग भाकरी अर्धी केली. आकडा हलेना. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "काळजीनंही वाढत असेल गं." त्यामुळे मला काळजीचीच काळजी लागून राहिली. बाळानं जरा हालचाल केली नाही की मी पोटावर हात ठेवून बसून राहायची.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मी वडिलांना म्हटलं, "अण्णा, मला नगरला न्या." आईही सोबत आली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बाळाचे ठोके ठीक होते, पण वाढ अंदाजापेक्षा थोडी पुढे होती. त्या म्हणाल्या, "खाण्यात काही चुकत नसेल, तर आता इन्सुलिन सुरू करावं लागेल. रोज काय काय खाता ते नीट सांगा."

मी सांगू लागले. भाकरी, उसळ, ताक, झोपताना कपभर हळदीचं दूध...

"त्यात साखर?"

"नाही. बिनसाखरेचं."

खुर्चीत अवघडून बसलेली आई एकदम बोलली, "बाई, त्या दुधात मी खारकेची पूड घालते. अन् जरासा गूळ."

दूध मला गोडसर लागलं होतं, मी तिला विचारलंही होतं. "आपल्या गाईचं दूध हाय, गोडच लागनार," असं तिनं सांगितलं होतं आणि गोड सोडल्यापासून मला कांदासुद्धा गोड लागत असल्यामुळे ते पटलं होतं.

"आई, का पण?" मी जवळजवळ ओरडलेच.

तिचे डोळे भरले. "तू पोटात असताना दुष्काळ हुता. कामाला जायची मी, पोटभर खायला न्हवतं. तू झालीस ती एवढुशी. दाई म्हनली, जगती का न्हाई. तुझ्या लेकराचं तसं व्हऊ नये म्हनून घालत हुते. साखर न्हाई घातली मी. गूळ चालतो, असं वाटलं."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी आईला जवळ बोलावलं, सोनोग्राफीतलं बाळ दाखवलं आणि म्हणाल्या, "हे बघा, हे काही उपाशी नाही. शरीराच्या लेखी गूळ, खारीक आणि साखर जवळजवळ सारखीच. आठवडाभर तुम्हीच हिचं पथ्य सांभाळा. मग इन्सुलिनचं बघू."

येताना गाडीत मला राग येत होता, आणि तो कुठे काढावा कळत नव्हतं.

भाऊबीजेला आत्या काष्टीहून डिंकाचे लाडू घेऊन आली. आल्या आल्या एक लाडू माझ्या तोंडापाशी धरला. "घे गं, माझ्या हातचा एक. एकानं काय हुतंय?" मी नको म्हणायच्या आत आई स्वयंपाकघरातून पीठ भरल्या हातानं बाहेर आली. "वन्सं, तिला न्हाई चालत. बाळाला बाधतं. गूळ बी साखरच असतो." आत्या फुरंगटली, चहासुद्धा न घेता निघायला लागली. आईनं तिला हाताला धरून बसवलं, पण लाडू काही माझ्यापर्यंत येऊ दिला नाही.

आकडा उतरायला चार-पाच दिवस लागले. इन्सुलिन टळलं. माझी धास्ती मात्र शेवटपर्यंत गेली नाही.

पौषात मुलगी झाली. नर्सनं तिच्या इवल्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला आणि तो तपासायला ती आत गेली. आई दाराशी उभी होती. माझ्याकडे न बघता पदराचं टोक पिळत होती. नर्स परत येऊन म्हणाली, "साखर व्यवस्थित आहे, बाळाला पाजायला घ्या."

"म्हंजी चांगलं का वाईट?" आईनं मला विचारलं.

"चांगलं, आई."

"नक्की न्हवं?"

"नक्की."

मग ती तिथेच दाराला टेकून खाली बसली, आणि कितीतरी वेळ तिला उठताच येईना.