एक चुकलं तर सगळंच का पुसायचं?

सौंसरच्या शिवणकाम प्रशिक्षण केंद्रात मी तेव्हा कॉम्प्युटरचं काम पाहत होते. प्रवेशाचे अर्ज वेबसाइटवरून घ्यायचं ठरलं, तेव्हा तो फॉर्म मीच बनवला, त्यामागची स्क्रिप्ट, म्हणजे तो चालवणारा प्रोग्रामही मीच लिहिला. माहिती सर्व्हरवर पोहोचली की स्क्रिप्ट ती तपासायची. चूक सापडली तर ‘माहिती बरोबर भरा’ एवढं सांगून फॉर्म पुन्हा समोर ठेवायची. मला वाटायचं, झालं की काम.

एका सकाळी बोरगावहून एक मावशी आल्या. संत्र्याच्या तोडणीला जाणाऱ्या. मी म्हटलं, "तुम्ही सांगा, मी भरते."

"नाही पोरी, मले येते. मोबाइलवर शिकली मी."

एका बोटाने अक्षर अक्षर शोधत त्यांनी अर्ध्या तासात फॉर्म भरला आणि बटण दाबलं. फोन नंबरात एक आकडा कमी पडला होता. फॉर्म परत आला, पण कोरा. नाव, गाव, शिक्षण, सगळं गेलं होतं. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी वय आकड्यांऐवजी अक्षरांत लिहिलं, पंचावन्न. पुन्हा कोरा.

"काय चुकून राहिलं, ते तं सांगतच नाही हे," त्या म्हणाल्या. "अन् एक चुकलं तं सारंच काहून पुसते?"

त्यांची बसची वेळ झाली होती. "सोमवारी येईन," म्हणून त्या गेल्या.

केंद्र चालवणारे आमचे सर म्हणाले, "अशा बायांचे अर्ज आपणच भरून टाकू. त्यात काय एवढं?"

"नाही सर," मी म्हटलं. "त्यांना स्वतः भरायचाय. चूक माझ्या फॉर्मची आहे."

शनिवार-रविवार मी त्यावरच बसले. आलेली माहिती स्क्रिप्ट फेकून देत होती. ती पान ज्यावरून तयार होतं त्या साच्याकडे परत पाठवायची आणि साच्याने ज्या त्या रकान्यात पुन्हा भरायची, असं केलं. जिथे चूक, तिथेच लाल अक्षरांत कारण. नाव-पत्ता टिकू लागला, पण गावांच्या यादीत बोरगाव निवडलं तरी परतताना तिगावच दिसायचं, कारण यादीत ते पहिलं होतं. लक्ष गेलं नसतं तर मावशींचं गावच बदललं असतं. तीही चूक रविवारी दुपारी दुरुस्त झाली.

सोमवारी मावशी आल्या. याही वेळी पिनकोडात एक आकडा राहिला. पान परत आलं तसा त्यांचा हात थबकला. मग त्या वाकून एकेक ओळ वाचू लागल्या.

"बाकी हाये जसंच्या तसं," त्या म्हणाल्या, आणि राहिलेला आकडा टाकला.

अर्ज पोहोचला. पुढच्या आठवड्यात वर्ग सुरू झाला, तेव्हा त्या पहिल्या रांगेतल्या मशीनवर बसल्या होत्या. मी मात्र त्या दिवसापासून कुठलाही फॉर्म सुरू करण्याआधी तो मुद्दाम चुकीचा भरून पाहते.