जाऊबाई नाव घेतात

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी मनात आणलं, तर एकाही नामाशिवाय अख्खा संसार चालवून दाखवतील. पन्नाशी उलटली, पाळी थांबली आणि तिच्या मागोमाग त्यांच्या डोक्यातली नामंही एकेक करून निघून गेली. क्रियापदं तेवढी एकनिष्ठ राहिली. गाळणी म्हणजे ‘चहा गाळायचं’, फ्रिज म्हणजे ‘गार करायचं’ आणि टीव्हीचा रिमोट म्हणजे ‘ह्यांच्या हातातलं’. एकदा मोशीच्या दुकानात जाऊन त्यांनी नुसतं ‘घासायचं द्या’ म्हटलं. दुकानदाराने टूथपेस्ट दिली. हवा होता भांड्यांचा साबण. पण परत करतील तर त्या जाऊबाई कसल्या! त्यांनी पेस्टनेच भांडी घासली आणि वर मला म्हणाल्या, "चकाकी बघ की गं." पुढे कितीतरी दिवस आमच्या चहाला पुदिन्याचा वास यायचा.

आम्ही हसायचो, त्याही हसायच्या. पण एका दुपारी मेथी निवडताना त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या आयचंबी असंच सुरू झालं हुतं. शेवटी आबालाच इचारायची, तुमी कोन म्हून." त्याच आठवड्यात त्यांना आणि थोरल्या भाऊजींना घेऊन मी चिंचवडच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि त्यांच्या आईचंही सांगितलं.

बाईंनी वार विचारला, महिना विचारला, वजाबाक्या करायला लावल्या. जाऊबाईंनी सगळं बिनचूक सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "मिस्टरांचं नाव काय?"

जाऊबाई गप्प. बाईंनी पुन्हा विचारलं. जाऊबाईंनी पदर सावरला आणि फरशीकडे बघत बसल्या. बाई गंभीर झाल्या. शेजारी बसलेल्या भाऊजींचा चेहरा तर पार उतरला. माझ्या डोक्यात प्रकाश पडायलाही जरा वेळच लागला.

"अहो, विसरल्या नाहीत," मी म्हटलं. "आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत."

"तपासणीपुरतं तरी घ्या."

"आसं कोरडं कसं घ्यायचं?" म्हणत जाऊबाईंनी घसा खाकरला.

"चष्मा हरवला, किल्ली हरवली, करपला कुकरात भात,
बबनरावांचं नाव तेवढं ठेवलंय काळजात."

बाई खळखळून हसल्या. पाळी जाताना हार्मोन्स कमी होतात, कित्येकींचे शब्द असे लपंडाव खेळतात, म्हणाल्या. आईसारखंच होईल असं नाही. झोपा, चाला, पुन्हा दाखवायला या. जाऊबाईंनी हार्मोनची गोळी मागून पाहिली, पण नुसत्या आठवणीसाठी ती देत नाहीत म्हणे. तोवर भाऊजींना स्वतःचा रुमाल सापडत नव्हता.

शब्द अजून हरवतात. पण हल्ली रोज सकाळी चहाचं आधण ठेवताना जाऊबाई हळूच पुटपुटतात, "बबनराव." मी विचारलं तर म्हणाल्या, "येवढं जाग्यावर हाय का बघती. मग बाकीचं सापडतंय." नेमके त्याच वेळी भाऊजी पेपर घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी येतात आणि काही ऐकू न आल्यासारखे उभे राहतात. मीही तेवढ्यापुरता मिक्सर बंद ठेवते.