कच्चा टाका

गल्लीत सगळे तिला खूणमावशी म्हणायचे. कपडे शिवायला घेऊन आलेल्या माणसाचं माप घेता घेता ती त्याला एखादी तरी खूण दाखवायचीच. खिडकीचे उभे-आडवे गज म्हणजे प्रभूचा वधस्तंभ. बोटातलं अंगुस्तान म्हणजे विश्वासाची ढाल. सुई टोचायची ती टोचतेच, पण बोट वाचतं.

"आणि इस्त्री? ती म्हणजे नरक का गं वहिनी?" नणंद विचारायची.

"इस्त्री म्हणजे तुम्ही, ताई. चटका देता, पण माणूस सरळ होतो."

अशी ही हसतमुख बाई आज हॉस्पिटलच्या बाकावर पाय आवळून बसली होती. आत नवऱ्याच्या पोटातली गाठ काढत होते. बेकरीच्या भट्टीपुढे जन्म काढलेला धिप्पाड माणूस महिन्याभरात असा वाळला, की त्याचे सगळे सदरे तिला शिवणीत आत घ्यावे लागले.

नर्सने त्याचा सदरा पिशवीत घालून आणून दिला. तिने तो मांडीवर घेतला, घडी घालायला बाही धरली आणि तिची नजर शिवणीवर अडकली. काखेपासून खाली पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब टाके. कच्चे. मशीन मारायचं राहूनच गेलं होतं. आजवर कच्च्या टाक्याचा एक कपडाही तिने दाराबाहेर जाऊ दिला नव्हता, आणि नेमका नवऱ्याला तसा सदरा घालून इथवर आणलं.

"काय झालं?" नणंदेने विचारलं.

"कच्चा टाका आहे, ताई. तो उसवण्यासाठीच घालतात."

"मग?"

तिच्या मनात नको ते जुळत गेलं. डोक्यावरची ट्यूब फडफडत होती. समोरच्या कुंडीतलं झाड एका बाजूने सुकलं होतं. ज्या डोळ्यांना जिथे तिथे वधस्तंभ दिसायचा, त्यांना आज नुसते खिळे दिसत होते. प्रार्थनेला ओठ हलायचे आणि 'हे प्रभू'पाशीच अडायचे.

तिने पर्समधून सुईदोरा काढला.

"इथे शिवत बसणार? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. पक्कं केल्याशिवाय मला चैन पडायचं नाही."

पण दोरा नेढ्यात जाईना. एकदा, दोनदा, पुन्हा. शेवटी नणंदेने सुई हिसकावून घेतली. साधं बटणही कधी न लावलेली ती बाई दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून डोळे बारीक करू लागली. "भाऊ आहे माझा," ती पुटपुटली.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. "गाठ निघाली. तपासणीला पाठवलीय, ती कसली हे नंतर कळेल. ते शुद्धीवर येतायत."

नणंदेने सुई पुन्हा डोळ्यांपुढे धरली. हिच्या तोंडून मात्र भलतंच निघालं, "डॉक्टरसाहेब, टाके पक्के घातलेत ना?"

डॉक्टर थकलेलं हसले. "पक्के कशाला? आपलं आपण जुळून येईपर्यंत त्यांनी धरून ठेवायचं, बस. मग काढूनच टाकायचे."

ती मांडीवरच्या बाहीकडे बघत राहिली. कापड नीट बसावं, मशीनखाली सरकू नये, म्हणून तर ती कच्चा टाका घालत आली होती. सगळ्यांना खुणा सांगणाऱ्या बाईला हातातली कळली नव्हती. 'हे प्रभू'च्या पुढचे दोन शब्द आता कुठे फुटले: धरून ठेव.

"घे, ओवली एकदाची," नणंदेने सुई पुढे केली.

"राहू दे, ताई. घरी जाईपर्यंत धरेल."

नणंदेने डोळे पुसले आणि वर बोट केलं. "आणि ही ट्यूब मघापासून फडफडतेय, तिची काय खूण?"

"तिचा स्टार्टर गेलाय."

म्हणाली खरी, पण गाठीचा तपास अजून यायचा होता; तिने वर बघितलं नाही.