केबिनचं दार उघडंच असायचं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानाही हा विषय शिताफीने टाळत आले. आज तुम्हाला सांगते, पण आधीच बजावते — मला ‘बिचारी’ म्हणायचं नाही. बिचारी मी कधीच नव्हते.

बोईसरला माझा शिवणकामाचा कारखाना आहे. तारापूरच्या कंपन्यांतल्या कामगारांचे बॉयलर सूट, एप्रन, हातमोजे आम्ही शिवतो. हल्ली बचत गटांच्या शिबिरांना मला बोलावतात, शाल देतात आणि विचारतात — ताई, धंदा चालवायला तुम्ही कशा शिकलात? मी सांगते, जिद्द, कष्ट, घरच्यांची साथ. बायका टाळ्या वाजवतात. कष्ट केले, ते खरंच. पण कष्ट तर माझ्याकडे मशीनवर बसणारी प्रत्येक बाई करते. मग त्या अजून मशीनवर का, आणि मी खुर्चीत का?

मला एका माणसाने शिकवलं. एका कंपनीच्या स्टोअरचे साहेब, उत्तरेकडचे, वयस्कर. माझा पहिला माल त्यांनी परत केला. धुतल्यावर सूट आखडले होते. मला तिथेच रडू कोसळलं. त्यांनी चहा मागवला आणि कापड आधी भिजवून, वाळवून मग बेतायचं, हे समजावलं. भाव सांगताना खाली बघायचं नाही, लेखी ऑर्डरीशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, कुणी महाग म्हटलं की लगेच उतरायचं नाही — हे सगळं त्यांचंच. केबिनचं दार उघडंच असायचं. ‘बहनजी’खेरीज दुसरी हाक त्यांनी मला कधी मारली नाही.

एवढं कौतुक कशाला सांगते? कारण याच माणसाला मी — थांबा, क्रमानेच सांगते.

तेव्हा आम्ही चार-पाच जणी माझ्या घरातल्याच एका खोलीत शिवायचो. त्यात एडवणची वनिता. आईबरोबर मासळी विकत वाढलेली, त्यामुळे गिऱ्हाइकाला हसवत हसवत आपला भाव पदरात पाडून घ्यायची. शिलाईही माझ्यापेक्षा सफाईदार. ती सारखी मागे लागायची, "ताई, मला पन ने ना एकदा कंपनीत. भाव करायला मी हाय ना." मी हसण्यावारी न्यायचे. मग एके दिवशी साहेबच म्हणाले, "काम बढ़ रहा है, किसी और बहन को भी तैयार करो." परत येताना रिक्षात मी एकच हिशोब करत होते. वनिता एकदा त्या साहेबांसमोर बसली, की मला कोण विचारणार?

घरी आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तिकडे तुम्ही कुणी येऊ नका. तो साहेब चांगल्या नजरेचा नाही. मी कशी निभावते, माझं मला माहीत."

एवढंच. पुढे कुणी काही विचारलं नाही — असलं कोण विचारतं? उलट माझा मान वाढला. ताई आपल्यासाठी काय काय सोसते, म्हणून त्या माझ्या पुढ्यात चहा आणून ठेवायच्या, आणि मी तो प्यायचे. वनिताच्या घरी कुणकुण लागली. सासूने तिचं बोईसरला येणंच बंद केलं. मला वाईट वाटलं का? खरं सांगू? हायसं वाटलं.

धंद्यात असंच चालतं, पुरुष काय कमी करतात — ही वाक्यं मला तोंडपाठ आहेत. राहू द्या. एखाद्या पुरुषाने भल्या बाईचं नाव असं नासवलं असतं, तर मी त्याच्या दारात जाऊन शिव्या घातल्या असत्या.

मागच्या महिन्यात केळव्याला गेले होते. किनाऱ्यावर वनिता दिसली, भज्यांच्या गाडीवर, मुंबईच्या पाहुण्यांना तशीच हसवत. तिने माझा हात धरून बसवलं. पैसे घेईना. शेजारी तिची मुलगी कांदा कापत होती. मुलीला तारापूरच्या एका कंपनीतून कामाचं बोलावणं आलं होतं, लॅबमध्ये. वनिता तिला म्हणाली, "मी नाय म्हनते ते उगाच नाय. कंपनीतले सायेब कसे असतात, या ताईला विचार. आमच्यासाठी लय सोसलंय तिनं."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. अगं, जा तू, एवढं म्हणायचं होतं मला. आणि त्यानंतर आणखी एक वाक्य.

मी म्हटलं, भजी छान झालीत.

पहिल्या वेळी धंदा हातचा जाईल, ही भीती होती. या वेळी फक्त मान जाणार होता. तोही मला सोडवला नाही. ती मुलगी कंपनीत गेली नाही.