उरलेल्या श्वासाची बासरी

चोवीस मुलींना एकाच वेळी चक्कर आणण्याचा पराक्रम माझ्या नावावर आहे.

किनवटच्या एका निवासी शाळेत मी मराठी शिकवतो. संमेलनात सहावीच्या मुलींचं बासरीवादन ठेवावं ही कल्पना माझी, आणि लातूरला प्रशिक्षणाला गेलो असताना बासऱ्या निवडून आणल्या त्याही मीच. नळी प्लॅस्टिकची, पण रंग अस्सल शिसवी लाकडाचा. चांगल्या हातभर लांब. लांब संपल्या म्हणून दुकानदारानं शेवटच्या सात आखूड दिल्या, तेव्हा मी कुरकुरलोसुद्धा. पण त्यानं एक लांब बासरी उचलून असं काही वाजवलं की माझे डोळे भरून आले, आणि त्या भरल्या डोळ्यांनीच मी माल पारखला.

पहिल्या तासाला मुली फुंकत राहिल्या आणि मी "दम लावा, दम!" म्हणून ओरडत राहिलो. सूर एकीचाही निघाला नाही. दहा मिनिटांत सगळा वर्ग डोकं धरून खाली. स्वयंपाक करणाऱ्या केवळाबाई दारातून बघत होत्या. त्यांनी एक बासरी घेतली, फुंकली, परत दिली.

"सर, ह्याच्यापरीस माझी फुंकणी बरी. जाळ तरी होतो."

हे मी हसण्यावारी नेलं असतं. पण संध्याकाळी स्वप्नाली आली, वर्गातली सगळ्यात बारकी मुलगी. लांबलचक बासरी फ्रॉकला पुसून तिनं माझ्या टेबलावर ठेवली.

"सर, माझ्यात दमच न्हाई. मी पडदा ओढते."

दम लाव, असं मीच सांगितलं होतं ना! पोरीनं ते खरं धरलं. मला रात्रीची भाकरी गोड लागली नाही.

शनिवारी चोवीसही बासऱ्या पिशवीत घालून मी नांदेडची गाडी धरली. तिथं इतवारा भागात तय्यबभाई बासऱ्या करून विकतात. वय सत्तरीकडे, अंगावर बनियन, कानावर पेन्सिल. दुकान म्हणजे एक फळी आणि एक पायरी. मी पायरीवर बसलो आणि माझी कर्मकहाणी सांगितली.

"दुकानदारानं काय सुरेख वाजवली होती हो!"

"तो वाजवणारा हाय, सर. त्याला बोअरची पाईप द्या, तीबी वाजवंल. पोरीचा हात केवढा?"

"लहान आहे."

"लहान म्हंजे? पेरू धरंल एवढा का भाकर थापंल एवढा?"

"पेरूसुद्धा दोन्ही हातांनी धरते."

त्यांनी फळीखालून एक मळका पुठ्ठा काढला. त्यावर पेन्सिलीनं काढलेले दोन चिमुकले पंजे. "आमची नात, नाझनीन. धा वर्षाची होती तवाचे हात. आता लातूरला नीटच्या क्लासला हाय, माझ्यापेक्षा उंच झाली. पुठ्ठा तेवढा धाचाच राहिला."

त्यांनी एकेक बासरी त्या कागदी बोटांवर ठेवली. लांब सतरा बासऱ्यांची भोकं बोटांच्या पार पुढं जात होती. त्या मुकाट्यानं बाजूला. सात आखूड तेवढ्या बोटांखाली नीट बसल्या. मग तय्यबभाई एकदम मोठ्यानं आकडे मोजू लागले. एक, दोन, तीन... एका श्वासात तीसपर्यंत. मला वाटलं, म्हातारबा भ्रमले! आवाज बारीक होत गेला, चेहरा लाल झाला, आणि छातीत जो शेवटचा चिमूटभर वारा उरला, तो त्यांनी बासरीत सोडला.

फुस्स.

"पोरीच्या छातीत एवढाच दम असतो. माझ्या दमानं बघून काय उपयोग?"

शाळेत येणारे तपासनीस मी उभ्या जन्मात ढिगानं पाहिले. तपासण्याआधी स्वतःचा श्वास सांडून लेकराएवढा होणारा माणूस पहिल्यांदाच पाहत होतो.

फुंकायच्या भोकाच्या कडेवरून त्यांनी नख फिरवलं. नख अडकलं. "कड खरबरीत हाय. वारा फाटून राहिला." काचकागदाची सुरळी करून कड घासली, पुन्हा तीसपर्यंत मोजलं, पुन्हा तो शेवटचा वारा. आणि बासरी बोलली! बारीक, स्वच्छ. सूर निघाला की लगेच बासरी खाली. पुढं एक स्वर नाही. घाईत असतील, असं मला वाटलं. अशा सातही झाल्या. सातव्या वेळेला ते घामानं निथळत होते.

"आणि लांब सतरा?"

"टिपऱ्या खेळायला द्या."

सोमवारी सगळ्यात आखूड बासरी मी स्वप्नालीपुढं धरली. ती हात मागे घेऊन उभी. "माझ्यात दम न्हाई, सर."

"दम लावूच नको. नुसता श्वास सोड."

तिनं सोडला. सूर निघाला. दचकून तिनं बासरी तोंडापासून दूर केली, आत बघितलं, आणि पुन्हा फुंकली. पुन्हा तोच सूर. केवळाबाई पीठ लागल्या हातांनी धावत आल्या. स्वप्नाली आता थांबेचना.

मी तय्यबभाईंना फोन लावला, स्पीकर सुरू करून तिच्याजवळ धरला. पलीकडे ते कान देऊन ऐकत होते. मला राहवेना.

"तय्यबभाई, आता तुम्ही एक गाणं वाजवा की! पोरींना कळू दे उस्ताद कसा असतो."

"मला वाजवता येत न्हाई, सर, तिलाच वाजवू द्या."