आमच्या मेळ्याच्या देवीला मिशी कशी फुटली

मिशीला मेण लावून तिची टोकं वर वळवतो तो मर्द आणि गालाला पावडर लावतो तो नामर्द, हा न्याय तुम्हाला कुणी शिकवला? तुम्ही सोलापूरच्या शुक्रवार पेठेत राहत असाल तर उत्तर सोपं आहे. मीच शिकवला.

माझं वय तेव्हा सतरा. चुलत्यांचा पायानं चालवायचा छापखाना होता आणि मी अक्षरं शिकलो ती तिथल्या पत्रकांवर. चहानं देश कसा बुडतो, विलायती साबणानं धर्म कसा धुऊन जातो, उभ्यानं पाणी प्यायल्यानं पिढ्या कशा खुज्या होतात, हे सगळं मी शाळेत जाण्याआधीच वाचलं होतं. छापलेलं खोटं असू शकतं हे मला ठाऊकच नव्हतं. त्यामुळे पुरुषांच्या नटवेगिरीवर मी स्वतः पत्रक लिहिलं तेव्हा आपण काही चुकीचं लिहितोय असं मनातसुद्धा आलं नाही. तोंडाला स्नो-पावडर फासणाऱ्याला मुलगी देऊ नका, असं मी सगळ्यात मोठ्या टायपात घातलं. खाली परीक्षाही दिली: ओला पंचा त्याच्या तोंडावरून फिरवा, रंग लागला तर उठून चालू लागा.

मग आम्ही चौघं मित्र बादली आणि पंचा घेऊन संध्याकाळी चौकात उभे राहू लागलो. पहिल्याच दिवशी तालमीचे वस्ताद आले. लोकांना धडा मिळावा म्हणून माझ्यापासून सुरुवात करा, असं म्हणून त्यांनी तोंड पुढे केलं. पंचा काळा झाला आणि वस्तादांची अर्धी मिशी पांढरी झाली. कलप पातळ होता. वस्तादांनी शांतपणे पंचाची घडी केली, ती कमरेला खोचली आणि विचारलं, "मिशीचं काय लिवलंय तुझ्या कागदात?"

मिशीचं काहीच लिहिलेलं नव्हतं.

"मग झालं की," ते म्हणाले आणि गेले. मिशीला सवलत मिळाली. पुढे अत्तरवाले चाचा आले. सुरम्यानं डोळ्यांना थंडावा मिळतो, असं त्यांनी पटवलं. घोड्यावरून चाललेल्या नवरदेवाच्या गालावर पावडरीचे थर होते, पण मागे वाजंत्री आणि त्याचे सहा मामा होते. आठ दिवसांत सवलतींची यादी पत्रकापेक्षा लांब झाली आणि अख्ख्या सोलापुरात गुन्हेगार म्हणून एकच माणूस उरला. तो माझा थोरला भाऊ.

दादा गिरणीत दोन माग चालवायचा आणि गणपतीत आमच्या पेठेच्या मेळ्यात देवी व्हायचा. मिशी काढून, खोबरेल तेल चोळून तो आरशासमोर बसे आणि सफेद्याचा हात असा हलका फिरवी, की बघणाऱ्याचाही श्वास मंद व्हावा. देवी आली की बायका खण-नारळ घेऊन रंगमंचावर चढत आणि ओटी भरत. त्यांचेच नवरे दुसऱ्या दिवशी गिरणीत त्याला विचारत, "काय देवी, आज सैपाक काय केलाव?" दादा हसून मागाकडे वळायचा.

त्या वर्षी त्याचं लग्न जमायचं होतं. तीन स्थळं परत गेली होती. बाप जिवंत असताना मिशी काढणारा आणि लुगडं नेसणारा मुलगा कुणालाच नको होता. हे चौथं स्थळ गेलं तर पाचवं येणार नाही, असं वडील रोज जेवताना ऐकवायचे. चौथं स्थळ अक्कलकोटचं होतं, धान्याचे व्यापारी. विसर्जनानंतर चारच दिवसांनी त्यांचा निरोप आला की उद्या येतो. चार दिवसांत मिशी कुठून यावी? वडिलांनी मेळ्याची पेटी उघडायला लावली. पेटीत मिशी एकच होती, महिषासुराची.

ती डिंकानं चिकटवून दादा पाहुण्यांसमोर बसला. व्यापारी आणि त्यांचे भाऊ बराच वेळ त्या मिशीकडे आदरानं बघत राहिले. मग व्यापाऱ्यांनी कोटाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. माझं पत्रक. गुरुवारी मठात जाणाऱ्या लोकांबरोबर मीच त्याचे गठ्ठे अक्कलकोटला धाडले होते.

"लई बेस लिवलंय कुनीतरी," ते म्हणाले आणि त्यांनी ओला पंचा मागितला.

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. पंचा भिजवून मीच आणला. दादाच्या दोन्ही गालांवरून मी तो इतक्या जपून फिरवला, जणू त्याच्या तोंडावर पाखरू बसलं होतं. पंचा स्वच्छ निघाला. व्यापारी खूश झाले. आता मिशीवरून फिरवा, असं त्यांनी सुचवलं. मी म्हणालो, मिशीला सवलत आहे. त्यांनी चष्मा लावून कागद खालपर्यंत वाचला.

"हितं तर न्हाय लिवलं तसं."

तेवढ्यात दादानं माझ्या हातातला पंचा घेतला, तोंडावर दाबला आणि मिशी उचलून पाटावर ठेवली. "ही माजी न्हाय," तो म्हणाला. "महिषासुराची हाय. मी मेळ्यात देवीचं काम करतो."

व्यापारी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले आणि मग जागेवरच सरळ झाले. गेल्या साली माल घ्यायला ते बायकोसह सोलापुरात आले होते. बायकोनं आमच्या देवीची ओटी भरली होती आणि यांनी पायावर डोकं ठेवलं होतं.

"जिच्या पाया पडलो," ते हळूच म्हणाले, "तिला जावई कसं म्हनू?"

मी वाचलेल्या एकाही पत्रकात हा प्रश्न आलेला नव्हता. शेवटी आई माजघराच्या दारातून बोलली, "पावणं, लग्नात जावयाचं पाय धुताच न्हवं? आदीच धरलं म्हना."

दोघे भाऊ कानडीत खूप वेळ बोलले. आम्हाला त्यातला 'देवी' हा एकच शब्द कळत होता आणि तो फार वेळा येत होता. निकाल लागला तो असा: मुलगा पसंत आहे, पण यापुढे त्यानं मिशी काढायची नाही. नवरा म्हणजे देव; आपली लेक देवाच्या घरात नांदेल, देवीच्या नाही.

दादा माझ्याकडे बघत नव्हता. त्यानं एवढंच विचारलं, "दुसऱ्याचं तोंड रंगवलं तर चालंल का?"

व्यापाऱ्यांनी विचार केला आणि चालेल म्हणाले.

लग्न झालं. पाय धुताना सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले होते. वहिनी म्हणते, मला कुणी विचारलंच नाही, मला तर देवी बघायची होती. दादाची मिशी आता दाट आहे आणि गिरणीत त्याला कुणी हसत नाही. पण गणपतीत तो रंगाच्या ताटल्या भरून बसतो आणि त्याच्यासमोर तोंड धरायला कुणी येत नाही. दोन वर्षं मेळ्याला देवी नाही. महिषासुर एकटाच येतो, आव्हान देतो, थोडा वेळ वाट पाहतो आणि आपला आपणच मरतो. लोक टाळ्या वाजवतात, कारण मरतो मात्र छान. पेठेतल्या पोरांना 'देवी होता का' असं विचारलं तर ती घरातल्या माणसांकडे बोट दाखवतात आणि घरातली माणसं मी लिहिलेलं मलाच तोंडपाठ म्हणून दाखवतात. मी स्वतः त्याच्यासमोर तोंड धरून बसलो. दादानं तासभर रंगवलं, मागे सरून बघितलं आणि सगळं पुसून टाकलं. म्हणाला, "तुजं तोंड भांडखोर हाय."

ते खरं आहे, म्हणून भांडतो. एका माणसाला जे सगळ्यात चांगलं करता येत होतं ते आपण त्याच्या ओठावर केस वाढवून बंद केलं आणि त्याला मर्दानगी म्हटलं. हे मला मान्य नाही. तुमच्या घरात, तालमीत, गिरणीच्या खात्यात एखादा पोरगा आरशासमोर जरा जास्त वेळ रेंगाळत असेल, तर येत्या गणपतीच्या आत त्याला शुक्रवार पेठेत पाठवा. रंग दादा लावेल. तुमच्याकडे काम एवढंच: त्याला चिडवणारा पहिला माणूस बहुधा तुमच्याच ओट्यावर पान खात बसलेला असेल. त्याला उठवा.