पिकअपमधल्या सात गोण्या

आमच्या धंद्यात रिकामी गाडी बघत नाहीत. बोअरमध्ये जळालेल्या मोटारी वर काढायच्या, दुरुस्त करून परत सोडायच्या, हे आमचं काम. त्यासाठी तीन पायांचं लोखंडी तिकाटणं, चेनपुली आणि पाइप लादलेली दोन चाकांची ट्रॉली गावोगाव ओढत न्यावी लागते. म्हणून गाडी घ्यायची तर आपली ट्रॉली, आपल्या वजनासकट, तिच्या मागे लावून बघायची. आबांनी मला हे शिकवलं होतं आणि मी ते नीट शिकलो होतो. चूक तिथंच झाली.

आबा म्हणजे माझे मालक. जामनेरला त्यांचं वर्कशॉप आहे, त्याच्या मागच्या खोलीत मी राहतो. मी मूळचा भंडाऱ्याकडचा, भाताच्या मुलखातला. आठवीत शाळा सोडली आणि बोअर मारणाऱ्या गाडीवर कामाला लागलो. ती गाडी फिरत फिरत खानदेशात आली, इथं मला कावीळ झाली आणि गाडी पुढे निघून गेली. आबांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, मला दीड महिना बिनतेलाचं वरण आणि ज्वारीची भाकरी खाऊ घातली. बरा झाल्यावर जा असं कोणी म्हणालं नाही. त्याला आता सोळा वर्षं होतील. अजूनही कधी कधी वाटतं, आज म्हणतील. म्हणून मी हँडब्रेक दोनदा बघतो आणि ट्रॉलीच्या हुकाची पिन तीनदा.

आमची जुनी जीप थकली त्याच सुमारास अक्कांच्या किडन्या गेल्या. मंगळवार आणि शुक्रवार जळगावला डायलिसिस सुरू झालं. जीप जाताना एकदा तरी बंद पडायची आणि अक्का रस्त्याच्या कडेला बाभळीखाली पदर डोक्यावर घेऊन बसायच्या. नवी गाडी घ्यायचं ठरलं. तिनं पाच दिवस ट्रॉली ओढायची आणि दोन दिवस अक्कांना न्यायचं. आबांच्या मनात साधा पिकअप होता, पुढे दोन सीट, मागे लांब हौदा, पाइपांना सोयीचा. मी म्हटलं, डबल कॅबिनचा घेऊ, हौदा आखूड असतो पण मागे अक्कांना आडवं होता येईल. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा काहीतरी मागितलं असेल. आबांनी चष्मा पुसला.

"चालवणार तू. तू म्हणशील ती."

हे वाक्य पुढे पुष्कळ दिवस मला टोचत होतं.

धुळ्याच्या बाहेर हायवेला एक जण वापरलेल्या गाड्या विकायचा, दुरुस्तीही करायचा. त्याच्याकडे एक मोठा डबल कॅबिन पिकअप आल्याचं कळलं. आम्ही जुन्या जीपला भरलेली ट्रॉली लावून, पहाटे निघून, धापा टाकत धुळ्याला पोचलो. अक्काही बरोबर होत्या. त्यांचं माहेर शिंदखेड्याकडचं, तिथं पुढे जायचं होतं. विकणाऱ्यानं आमचं लटांबर बघितलं आणि म्हणाला, पोरगी बघायला लोक दोन माणसं घेऊन येतात, तुम्ही तर सगळं बिऱ्हाड आणलं. आबा म्हणाले, नांदायचंय तिला याच बिऱ्हाडात, आत्ताच बघू दे.

ट्रॉली पिकअपला लावली. हौद्यात दोन मोटारी टाकल्या, ट्रॉलीच्या तोंडाचं वजन हुकावर बसलं आणि गाडीचे मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, छान दबले. लळिंगच्या चढावर मी तिला मुद्दाम मध्येच थांबवली आणि पुन्हा उचलली. एक इंचही मागे आली नाही. खड्ड्यातून घातली. मागच्या सीटवर अक्का होत्या. मी आरशात बघून विचारलं, कशी वाटते?

"बरी शे," अक्का म्हणाल्या. म्हणजे बरी आहे. त्या आमच्याशी नेहमी माहेरच्या अहिराणीतच बोलत. जामनेरची बोली त्यांनी तीस वर्षांत उचलली नाही, आणि मला वाटतं मी त्यांना परका वाटलो नाही त्याला तेही एक कारण असावं.

गाडी घेतली. नारळ फोडला. मंगळवारी मी अक्कांना घेऊन जळगावला निघालो तेव्हा ट्रॉली वर्कशॉपमध्ये उभी होती आणि हौद्यात काही नव्हतं. दवाखान्यात जाताना ट्रॉली नसते. एवढी साधी गोष्ट, पण आम्हा दोघांच्याही डोक्यात आली नाही. मागे वजन नसलं की तसल्या गाडीचे पाटे दबत नाहीत. वाटेतल्या नेरी गावापर्यंत प्रत्येक खड्ड्याला मागची बाजू उडत होती. पुढे बसणाऱ्याला ते निम्मंसुद्धा कळत नाही.

अक्कांच्या डाव्या हातात सुया टोचायला शीर मोठी करून घेतली होती. परतताना आरशात बघितलं तर त्यांनी तो हात उजव्या हातानं छातीशी धरला होता आणि कपाळ पुढच्या सीटला टेकवलं होतं. मी विचारलं. बरी शे, म्हणाल्या. पुढच्या वेळीही तेच. तीन आठवडे मी विचारत होतो आणि त्या बरी शे म्हणत होत्या. मग एका शुक्रवारी उतरताना त्यांचा हात कोपरापर्यंत काळानिळा झालेला दिसला. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्याच होत्या, सुया काढल्यावर हाताला धक्के बसू देऊ नका.

मी आबांना सांगितलं. आता जा म्हणतील, असं वाटलं. आबा एवढंच म्हणाले की धुळ्याला नेऊन दाखव. विकणाऱ्यानं खाली वाकून बघितलं. दोन पाटे काढून देतो, म्हणाला, गादीसारखी चालेल, पण मग ट्रॉली विसरायची. ट्रॉली विसरलो तर खायचं काय? मी तशीच गाडी परत आणली. पारोळ्यापर्यंत माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. मग वाटलं, ती वजनावर चालते ना, मग देऊ तिला वजन.

दुसऱ्या दिवशी मी खताच्या रिकाम्या गोण्यांत मुरूम भरला. मागच्या सीटवर अक्कांच्या जागी पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या चिंध्या लावून घट्ट बसवला आणि जामनेर ते नेरी चकरा मारल्या. चार गोण्यांवर तांब्या अर्धा सांडला. पाचवर थोडा कमी. गोण्या मागच्या फळीकडे ठेवून चालत नाही, बरोबर चाकांच्या वर ठेवाव्या लागतात, हे तिसऱ्या चकरेला समजलं. सात गोण्यांवर सीट जवळजवळ कोरडी राहिली. मी ते पाणी पिऊन टाकलं.

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सात गोण्या चढवायच्या आणि संध्याकाळी उतरवायच्या, कारण दुसऱ्या दिवशी हौद्यात पाइप लागत. मला ते काम आवडायचं. त्या कामात भीती नव्हती. अक्कांना मी काही सांगितलं नव्हतं. चार-पाच वेळा गेल्यावर एकदा नेरीच्या पुढे त्या मागून म्हणाल्या,

"माले धरी ठेवाले सात गोण्या लागतस का रे पोरा? इतली हलकी व्हई गऊ का मी?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून दर वेळी मोजत होत्या. मी हसलो. त्याही हसल्या. खरं तर त्या तेव्हा फारच हलक्या झाल्या होत्या. पायरीवरून उचलून सीटवर ठेवताना मला हाताला जाणवायचं, गोणी त्यांच्यापेक्षा जड लागायची. त्या दिवशी त्यांनी डावा हात छातीशी धरलेला नव्हता, मांडीवर उताणा ठेवला होता आणि बाहेर केळीच्या बागा बघत होत्या. मी आरशात तेवढंच बघितलं.

दीड वर्ष असं चाललं. मग एका शुक्रवारी अक्का गेल्या. घरीच, चहा उकळायच्या आधी. मी गोण्या भरून गाडी दाराशी लावली होती. आबा बाहेर आले, त्यांनी हौद्याची फळी खटकन लावली आणि परत आत गेले. मला रडू आलं नाही. मी घरी भंडाऱ्याला फोन केला तर तिकडे आई रडली. तिनं अक्कांना कधी पाहिलं नव्हतं. मी फोन कानाला धरून उभा होतो आणि हँडब्रेक ओढलाय का, ते आठवत होतो.

पंधरा दिवस त्या गोण्या गाडीतच होत्या. कोणी काढ म्हणालं नाही आणि मीही विचारलं नाही. मग एका शेतकऱ्याची मोटार जळाली, पाइप न्यायचे होते. आबा म्हणाले, काढ आता. मी त्या काढून वर्कशॉपच्या भिंतीला लावून ठेवल्या.

परवा ब्रेक वाजायला लागले म्हणून गाडी धुळ्याला नेली, ट्रॉलीशिवाय, रिकामी. काम झाल्यावर विकणारा म्हणाला, चला, मी चालवून बघतो. पुढच्या सीटवर त्याचे पाने आणि जुने ब्रेक पडलेले होते, म्हणून मी मागे बसलो, अक्कांच्या जागी. त्या सीटवर मी कधीच बसलो नव्हतो.

तो हायवे सोडून कच्च्या रस्त्याला लागला. पहिल्याच खड्ड्याला मी सीटवरून उचललो गेलो आणि खाली आपटलो. दुसऱ्याला दात दातांवर बसले. मला सुया टोचलेल्या नव्हत्या, किडन्या नीट होत्या, तरी कंबरेतून कळ डोक्यात गेली. तीन आठवडे. आठवड्यातून दोन दिवस, जाऊन येऊन. दर वेळी मी विचारलं होतं.

"रिकामी आहे ना भाऊ, म्हणून उडते," तो आरशात बघून म्हणाला. "त्रास होतोय का? हळू घेऊ?"

मी नको म्हणालो. माझा डावा हात उजव्या हातात होता. तो मी कधी धरला, ते मला माहीत नाही. अशीच चालवा म्हटलं, आणि लळिंगपर्यंत त्यानं ती तशीच चालवली.